रोजची झाडलोट आणि वर्षाची साफसफाई

गोदाकाठच्या जुन्या नाशकात, सराफ बाजार, तांबट आळी अशा वस्तींतील वाड्यांमध्ये, पहाटे अंगणात सडा पडे, केर निघे, चूल पोतेऱ्याने सारवली जाई आणि भांडी राखेने उजळत. परंतु माळ्यावरची जळमटे, फडताळांचे कोपरे आणि कणग्यांचे तळ यांची दखल या नित्यक्रमात कोणी घेत नसे. त्यांची पाळी घटस्थापनेपूर्वी येई. तेव्हा घरातील यच्चयावत गोधड्या नदीवर धुतल्या जात, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून निघत, आणि ज्यांची कल्हई उडाली असेल ती कल्हईवाल्याकडे रवाना होत, कारण उघड्या पितळेत आंबट पदार्थ कळकतात. हा सोपस्कार केवळ देवीसाठी होता असे मला वाटत नाही. चातुर्मासात मुरलेली ओल ऊन मिळताच बाहेर काढणे हेच त्यामागील खरे प्रयोजन, आणि ते घरच्या स्त्रियांनी श्रेयाची अपेक्षा न करता पिढ्यानुपिढ्या सांभाळले.

1897 च्या साथरोग कायद्यानंतर मात्र सफाई सरकारी हुकमाने घरात शिरली. प्लेगाच्या त्या दिवसांत मुंबई इलाख्यात घरे रिकामी करवून भिंतींना चुना देण्यात येई, जंतुनाशके शिंपडली जात. उंदरांवरील पिसवा रोग पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 साली कराचीत दाखविले, तरी अंमलदारांना ते पटण्यास पुढे काही वर्षे गेली. दरम्यान 1899 साली नाशिकजवळच्या भगूरात वि. दा. सावरकरांचे वडील दामोदरपंत सावरकर प्लेगानेच दगावले.