समुद्राच्या लाटांपासून वीज: सरकारचं धोरण नेमकं काय आहे?

सौरऊर्जेबद्दल आपण रोज ऐकतो, पण समुद्रापासूनही वीज बनते. त्याबद्दल सरकारचं धोरण काय आहे, ते मी इथे सोप्या भाषेत सांगतो.

दोन प्रकार
भरती-ओहोटीच्या पाण्याने टर्बाइन फिरवता येतं. दुसऱ्या प्रकारात लाटांच्या वर-खाली होण्यातून वीज मिळवतात. भरतीची वेळ आधीच माहीत असते, हा तिचा मोठा फायदा.

भारतात किती क्षमता?
भरती-ओहोटीची अंदाजे १२,४५५ मेगावॉट. यातला मोठा वाटा गुजरातच्या खंभातच्या आखातात आहे. पण ही झाली कागदावरची क्षमता.

धोरण काय?
वीज वितरण कंपन्यांना ठरावीक वाटा अक्षय ऊर्जेचा घ्यावाच लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने समुद्री ऊर्जेला अक्षय ऊर्जा म्हणून मान्यता दिली आणि ती या वाट्यात, तेव्हाच्या सौर सोडून इतर गटात, धरली जाईल असं सांगितलं.

मग अडलंय कुठे?
खर्चात! केरळमध्ये विळिंजम इथे १९९१ मध्ये १५० किलोवॉटचा लाटांवरचा प्रायोगिक प्रकल्प झाला, पुढे तो बंद पडला. सुंदरबनातला ३.७५ मेगावॉटचा दुर्गादुआनी प्रकल्प जास्त खर्चामुळे सोडून द्यावा लागला.

माझ्या मते नुसती मान्यता पुरेशी नाही. स्वस्त पवनऊर्जा मिळत असेल, तर महागडी समुद्री वीज कोण घेणार? ब्रिटनने २०२२ च्या लिलावात भरतीच्या प्रवाहावरील विजेसाठी २ कोटी पौंड वेगळे राखून ठेवले. आपल्यालाही असं काहीतरी करावं लागेल.