चिखलदऱ्याच्या बोलीचे कंबोडियातील सोयरे

थ्रेड. चिखलदऱ्याला गेलेला पर्यटक गाविलगड पाहतो, कॉफी विकत घेतो आणि परतवाड्याची वाट धरतो. त्याच बाजारात शेजारी उभी असलेली एखादी बाई एक ते पाच मोजत असेल, तर कानावर पडेल : मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई. ही कोरकू. मराठीशी किंवा गोंडीशी तिचे मूळचे कोणतेही नाते नाही.

आता कंबोडियात जाऊ. ख्मेर भाषेत दोन, तीन, चार म्हणजे पी, बेई, बुऑन. व्हिएतनामीत हाय, बा, बोन. कोरकूत मुलगा म्हणजे ‘कोन’. ख्मेर आणि व्हिएतनामी या दोन्ही भाषांत मूल म्हणजे ‘कोन’च! एखादा शब्द योगायोगाने जुळतो हे खरे, पण अंक, नाती आणि शरीराचे अवयव ठरावीक ध्वनिनियमांनी जुळू लागले की योगायोगाचे स्पष्टीकरण पुरत नाही.

हे कोडे उलगडण्यात 1906 हे वर्ष महत्त्वाचे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड त्या वर्षी निघाला. स्टेन कोनो यांनी त्यात कोरकूला मुंडा भाषांत बसवले. त्याच वर्षी विल्हेल्म श्मिट यांनी मुंडा आणि मोन-ख्मेर एकत्र करून ‘ऑस्ट्रो-एशियाटिक’ हे कुळ मांडले. ते टिकले. कोरकू ही त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडील भाषा.

श्मिट तेथे थांबले नाहीत. मलाय आणि पॉलिनेशियन भाषाही त्यांनी याच वंशवृक्षाला जोडल्या आणि त्या महाकुळाला ‘ऑस्ट्रिक’ म्हटले. उदाहरण मोहक आहे : डोळा कोरकूत ‘मेड’, व्हिएतनामीत ‘मात’, मलायमध्ये ‘माता’. परंतु शंभराहून अधिक वर्षांनंतरही हे नाते सर्वमान्य झालेले नाही. तेव्हा ‘कोरकू पॉलिनेशियातून आले’ अशी पोस्ट दिसल्यास ती पुढे पाठवू नये, ही विनंती.

मग ही भाषा सातपुड्यात आली कशी? पॉल सिडवेल आणि फेलिक्स राऊ यांनी 2019 मध्ये समुद्रमार्गाचा सिद्धांत मांडला : सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियातून काही लोक महानदीच्या मुखाशी उतरले आणि तेथून मुंडा भाषा पसरल्या. 2011 च्या जनुकीय अभ्यासात मुंडाभाषकांच्या पितृवंशात आग्नेय आशियाई खूण मोठ्या प्रमाणात आढळली. मातृवंश मात्र जवळजवळ सर्वस्वी इथला. म्हणजे आलेल्यांत बहुधा पुरुषच अधिक होते आणि संसार इथे मांडले गेले.

संथाळी, मुंडारी, हो या सख्ख्या बहिणी झारखंडाकडे राहिल्या. मध्ये गोंडांचा विस्तीर्ण मुलूख. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूस, निहाली आहे. तिने कोरकूतून भरपूर शब्द उचलले, पण ती स्वतः कोणत्याच कुळात बसत नाही. तिच्यावर स्वतंत्र थ्रेड लिहावा लागेल.

‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. संस्कृतातले द्विवचन मराठीने केव्हाच टाकले, कोरकूत ते नांदते आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा आपल्या जिभेवरचा भेद तिच्यातही आहे : ऐकणाऱ्याला धरून ‘अबुंग’, वगळून ‘आले’.

2011 च्या जनगणनेत कोरकूभाषक सुमारे 7 लाख 27 हजार होते. बहुसंख्य मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूरकडे, आणि आपल्याकडे धारणी-चिखलदऱ्यात. संथाळीला 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोरकूला ते नाही. वर्तमानपत्रांत मेळघाट येतो तो बहुधा कुपोषणाच्या बातमीत, भाषेच्या नव्हे.

1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे गाभा क्षेत्रातील काही गावे अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर हलवण्यात आली. डोंगरात गावभर कोरकू होती. खाली बाजार, शाळा आणि शेजार वऱ्हाडीचा आहे. तेथे वाढणारी मुले आजीशी कोणत्या भाषेत बोलतील, हे पुनर्वसनाच्या मोबदल्यात कुठेच मोजलेले नसते.