आवळून न थांबणारी गळती

२०२५ च्या जून महिन्यात साऱ्या देशाचे लक्ष फ्लोरिडातील एका प्रक्षेपणमंचाकडे लागले होते. ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांना घेऊन अॅक्सियम-४ मोहीम आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघायची होती. फाल्कन-९ अग्निबाणाची मंचावरच सात सेकंदांची ज्वलन-चाचणी झाली, तीत द्रव ऑक्सिजनची गळती आढळली आणि गळती दुरुस्त करून आवश्यक चाचण्या झाल्यावरच उड्डाणाला संमती मिळेल, असे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी जाहीर केले. त्या दिवसांत ठिकठिकाणी एक प्रश्न ऐकू येत होता : एवढीशी गळती, तर नट थोडा आवळायचा आणि निघायचे, त्यासाठी दिवसचे दिवस कशाला?

प्रश्न भाबडा असला तरी चांगला आहे. त्याचे उत्तर अग्निबाणाहून कितीतरी साध्या वस्तूत सापडते. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगचा दाबदर्शक स्विच. अंगठ्याएवढा, किमतीने किरकोळ, आणि बसवलेला मात्र अशा सांदीत की जिथे हात पोचत नाही.

माझ्या जुन्या गाडीखाली मागच्या पावसाळ्यात तांबूस तेलाचे थेंब दिसू लागले. तेल येत होते ते या स्विचमधून. मेकॅनिकने बराच वेळ हात घालून तो आवळून दिला. चार दिवसांनी थेंब पुन्हा हजर. पुन्हा आवळला, पुन्हा तेच. दोष त्या माणसाच्या कौशल्यात नव्हता, उपायाच्या कल्पनेत होता. आणि ही कल्पना किती जुनी आहे, तिच्याशी किती जणांनी झुंज दिली आहे, हे पाहायचे तर सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कालचा नियम. पास्कालचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यावरील थोड्या बलातून मोठ्या दट्ट्यावर प्रचंड बल मिळवता येईल, हे त्यातून उघड होते. तरीही त्यावर चालणारे उपयुक्त यंत्र निघायला शतकाहून अधिक काळ लागला. लंडनच्या जोसेफ ब्रामाने द्रवदाब-यंत्राचे पेटंट घेतले ते १७९५ मध्ये. अडचण सिद्धांतात नव्हती, गळतीत होती. दट्ट्या आणि नळकांडे यांमधल्या फटीतून पाणी निसटे. फट बंद करण्यासाठी भरलेले वेष्टण घट्ट आवळावे, तर दट्ट्या त्यात इतका जखडून जाई की दाब काढल्यावर मागे येईना. सैल सोडावे, तर गळती.

या कोंडीतून वाट निघाली ती चामड्याच्या वळवलेल्या कड्याने. त्याचे श्रेय बहुधा ब्रामाच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. या कड्याची कड दाबाच्या बाजूला उघडी असे. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब चामड्याच्या कडेला दट्ट्यावर दाबून धरी. दाब उतरला की कड आपोआप सैल होई. गळती घडवणारे बलच गळती रोखण्याच्या कामी लागले. आवळण्याचा प्रश्न संपला, कारण जेवढा दाब तेवढेच आवळणे, हे काम पाणी स्वतःच करू लागले.

पुढचा टप्पा मोटारीचा. पीअर्स-अॅरो या अमेरिकी कंपनीत ट्रक विभागाचे काम पाहणारा अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने जड गाड्यांचे चाक वळवताना चालकांची होणारी दमछाक पाहिली होती. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे छोट्या कर्मशाळेत द्रवदाबावर चालणारे स्टिअरिंग तयार केले आणि १९२६ मध्ये ते गाडीत बसवून दाखवले. त्याच्या रचनेतला महत्त्वाचा विचार झडपेचा आहे. सरळ मार्ग असा की तेल सतत दाबाखाली साठवून ठेवावे आणि चालकाने चाक वळवले की ते सोडावे. पण सतत दाब म्हणजे प्रत्येक सांध्यावर सतत ताण, आणि ताण तिथे गळती. डेव्हिसच्या झडपा एरवी उघड्याच राहत. पंपाकडून आलेले तेल जवळजवळ दाबाविना फिरून परत टाकीत जाई. चाक वळवताच झडप मिटत जाई आणि फक्त तेवढ्यापुरता दाब चढे. म्हणजे डेव्हिसनेही सांधे अधिक आवळले नाहीत. गरज नसेल तेव्हा दाबच काढून घेतला.

जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला, पण मंदीच्या काळात १९३४ मध्ये हे काम सोडून दिले. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना अशा स्टिअरिंगची गरज भासली, आणि सामान्य ग्राहकाला ते मिळाले १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. तोवर डेव्हिसच्या मूळ पेटंटांची मुदत संपली होती.

याच मधल्या काळात सांधे बंद करण्याचे तंत्रही बदलले. डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला नील्स क्रिस्टेन्सन ट्रामगाड्यांच्या हवाई ब्रेकांवर काम करत आला होता. वयाच्या सत्तरीनंतर, १९३७ मध्ये, त्याने रबराच्या साध्या गोल कडीसाठी पेटंटचा अर्ज केला. ते १९३९ मध्ये मंजूर झाले. आज आपण तिला ओ-रिंग म्हणतो. रबरी कड्या त्याच्या आधीही होत्या. त्याचे खरे संशोधन होते कडीसाठी कोरायच्या खाचेचे माप. खाच कडीहून किंचित रुंद हवी, म्हणजे दाब आल्यावर कडी एका बाजूला सरकते, थोडी चपटी होते आणि फट भरून काढते. इथेही तत्त्व मॉडस्लेच्या चामड्याचेच : गळती थांबवतो तो दाब. पाना फक्त कडीला जागेवर धरून ठेवतो. पाना अधिक जोराने फिरवला तर कडी चिरडते, आणि बंद व्हायची ती वाट उघडते. प्रयोगशाळेत निर्वात-कक्षावर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा धडा एकदा तरी एखादी कडी वाया घालवून घेतलेला असतो.

आता आपल्या स्विचकडे येऊ. त्याचा जन्म डेव्हिसच्या उघड्या झडपेतच दडलेला आहे. दाब फक्त चाक वळवताना चढतो, म्हणजे पंपाचा भार इंजिनावर अचानक येतो. थोडे गणित करू. अरुंद जागी गाडी लावताना चाके पूर्ण वळवली की दाब सुमारे ८० बारपर्यंत चढू शकतो. पंप मिनिटाला ७ लिटर तेल ढकलत असेल, तर दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार येतो सुमारे ९३० वॅट, म्हणजे सव्वा अश्वशक्ती. पंपातील व्यय वेगळाच. गाडी वेगात असताना ही शक्ती नगण्य आहे. पण गाडी लावताना इंजिन मंदगतीवर, कसेबसे स्वतःचे घर्षण भागवत फिरत असते. त्याच क्षणी हा भार आला की ते गचके देते, प्रसंगी बंदच पडते. इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर यावर सोपा उपाय निघाला. दाबाच्या नळीत एक भोक पाडायचे, त्यात स्विच बसवायचा, दाब चढला की स्विचने संगणकाला कळवायचे आणि संगणकाने इंजिनाला थोडी जास्त हवा आणि इंधन द्यायचे.

उपाय उत्तम होता, पण त्याची किंमत त्या भोकात होती. मोजण्यासाठी यंत्रात जिथे जिथे शिरकाव करावा, तिथे तिथे गळण्याची एक नवी जागा तयार होते. शिवाय स्विच कुठे बसेल हे ठरते ते दाबाची नळी कुठून जाते यावरून. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत स्टिअरिंगचा रॅक इंजिनामागे, केबिनच्या पत्र्याच्या भिंतीलगत, अनेकदा तापलेल्या एक्झॉस्टजवळ असतो. कारखान्यात इंजिन बसण्याआधी हा भाग मोकळा असतो. पंधरा वर्षांनी तिथे हात घालणाऱ्याला तो तसा मिळत नाही.

आणि हा स्विच आवळून का थांबत नाही? त्यात तेल आणि वीज यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. पडद्याचा व्यास १ सेंटिमीटर धरला, तर ८० बारला त्यावर सुमारे ६३० न्यूटन बल येते, म्हणजे एका माणसाच्या वजनाइतके. ते दर वळणाला येते आणि जाते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पडदा आणि त्याची आतली बैठक थकते, आणि तेल स्विचच्या पोटातून थेट विजेच्या पिनांपर्यंत येते. तिथून ते केशाकर्षणाने तारेच्या वेष्टणात शिरून दूरवर पोचते. पाना फिरतो तो बाहेरच्या आट्यांवर, गळती असते आत. आपण निरोगी सांधा आवळत बसतो.

म्हणून प्लग काढून पाहणे ही पहिली पायरी. प्लगच्या आत तेल असेल तर स्विच बदलण्यावाचून गत्यंतर नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, गाडी उचलल्यावर ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. लांब दांड्याला वळणारा सांधा जोडून खोल सॉकेट स्विचपर्यंत न्यावा. खाली भांडे ठेवावे, कारण तेल येणारच. नवी ओ-रिंग त्याच तेलाने ओली करावी, आटे आधी बोटांनीच धरावेत, आणि मग गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढेच आवळावे. प्लगमधले तेल पुसून काढावे. कंपनीने सांगितलेलेच तेल भरून, पुढची चाके अधांतरी ठेवून, स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावे, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. सुटा भाग स्वस्त असतो, खर्च होतो तो वेळ. माझ्या गाडीला अख्खी दुपार लागली. त्यानंतर थेंब दिसलेला नाही.

दुपार वाचवण्याचा मोह यंत्र मोठे झाले की अधिक बळावतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर गेले. कारण होते अग्निबाणाच्या सांध्यातील ओ-रिंग. थंडीने ताठरलेली कडी, सांधा उघडला त्या वेगाने फट भरू शकली नाही. आधीच्या उड्डाणांतून परतलेल्या कड्यांवर झिजेच्या खुणा दिसल्या होत्या, आणि कडी बनवणाऱ्यांच्या नव्हे, तर अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीच्याच अभियंत्यांनी आदल्या रात्री उड्डाणाला विरोध केला होता. तो मानला गेला नाही.

आपल्याकडचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १९ ऑगस्ट २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथे जीएसएलव्ही-डी५ चे प्रक्षेपण ७४ मिनिटे आधी थांबवण्यात आले, कारण दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळत होते. २०१० मध्ये या अग्निबाणाची दोन्ही उड्डाणे फसली होती. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे भवितव्य या उड्डाणावर अवलंबून होते आणि सारा देश पाहत होता. तरीही अग्निबाण परत जुळणी-भवनात नेण्यात आला. तपासात दिसले की दोष एखाद्या सांध्याचा नसून टाकीच्या मिश्रधातूचा आहे; ताण आणि गंज यांच्या संयुक्त परिणामाने त्याला तडे जातात. मग भेग बुजवण्याऐवजी दुसरा टप्पा संपूर्ण बदलला गेला, आणि नवी टाकी वेगळ्या मिश्रधातूची आली. ५ जानेवारी २०१४ रोजी त्याच अग्निबाणाने जीसॅट-१४ कक्षेत सोडला, आणि भारताचे क्रायोजेनिक इंजिन प्रथमच यशस्वी झाले.

नव्या मोटारींत आता विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते. १९८८ मध्ये जपानच्या सुझुकी सर्व्होपासून सुरू झालेली ही पद्धत आज आपल्या रस्त्यांवरही रूढ झाली आहे. तेल गेले, पंप गेला, आणि त्यांच्याबरोबर हा स्विचही हळूहळू नाहीसा होईल. पण डेव्हिस, मॉडस्ले आणि क्रिस्टेन्सन यांनी विचारलेला प्रश्न राहणार आहे : दाब नेमका कुठे आहे आणि तो कोणत्या वाटेने बाहेर पडतो? तो न विचारता उचललेला पाना बहुधा चुकीच्या जागी फिरतो.

अॅक्सियम-४ ची गळती दुरुस्त झाली. पाठोपाठ अंतराळ स्थानकाच्या रशियन विभागातील हवागळतीच्या दुरुस्तीचा आढावा घेण्यासाठी मोहीम आणखी काही दिवस थांबली. अखेर २५ जून रोजी शुभांशू शुक्ला निघाले आणि १५ जुलै रोजी सुखरूप परतले. त्या दोन आठवड्यांच्या विलंबाला वाया गेलेला वेळ म्हणणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी एकदा एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन, जुन्या गाडीचा गळका स्विच बदलताना जरूर पाहावे.