गळ, बेडूक आणि शिंगाळा

गोड्या पाण्यातला मासा गळाला कसा लावावा, यावर भारतात झालेले एक अतिशय जुने आणि सविस्तर लेखन सोलापूरपासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे आहे. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींमध्ये त्याने हत्ती, घोडे आणि कुस्तीच्या जोडीला ‘मत्स्यविनोद’ही बसवला. सुमारे पस्तीस जातींचे मासे, त्यांतले खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कोणता चारा आवडतो, दोरी आणि काठी कशी असावी, असा सगळा तपशील त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर लेख लिहून त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सोमेश्वराचा भर चाऱ्यावर आहे. मासा काय खातो हे कळले की तो हाती आला, ही त्यामागची समजूत पुढे कित्येक शतके टिकली.

त्याच शतकात संत सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदवला, अशी परंपरा आहे. कमी पावसाच्या या मुलखात बांध घालून पाणी अडवण्याला पर्यायही नव्हता. इंग्रजी अमदानीत अदिला नदीवर एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचा, मोठा तलाव 1871 मध्ये पुरा झाला. शहराचा जुळे सोलापूर हा भाग ज्या विजापूर रस्त्याच्या बाजूला वाढला, तिकडेही जुना कंबर तलाव आहे. आता त्याला संभाजी तलाव म्हणतात. अशा साचलेल्या, कोमट, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात मरळ सुखाने राहते. ती वर येऊन हवेत श्वास घेते, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी तिचे अडत नाही. शिकारीसाठी ती पाठलाग फारसा करत नाही. पानांखाली दबा धरून बसते आणि भक्ष्य टप्प्यात आले की झेप घेते.

वाहत्या भीमेची गोष्ट वेगळी. कर्नल विल्यम साइक्स याने 1820च्या दशकात दख्खनची पाहणी करताना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतले मासे जमवले. ही नदी पुढे भीमेलाच मिळते. 1839 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनांत त्याने माशांची मराठमोळी नावे शास्त्रीय नावांत तशीच ठेवली. म्हणून शिंगाळा, कोळस आणि खुद्री (दख्खनचा महाशीर) ही नावे जगभरच्या मत्स्यशास्त्रात गेली, अर्थात रोमन लिपीतल्या वेड्यावाकड्या स्पेलिंगसह. शिंगाळा हा लांब मिशांचा, तळाशी वावरणारा शिकारी मासा. त्याला बुडवलेला गळ आणि मासळीचा तुकडा लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर चाललेल्या खेळाशी त्याला कर्तव्य नसते.

मरळीला मात्र तोच खेळ हवा असतो. तिच्यासाठी गळाला जिवंत बेडकी लावण्याची रीत देशात अनेक ठिकाणी होती. लांब बांबूच्या टोकाने ती पानांच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर अलगद टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. गढूळ पाण्यात मरळीला बेडकी दिसण्याआधी तिची थरथर कळते, कारण माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातले कंप टिपते. म्हणजे या रीतीत चाऱ्याइतकीच हालचालही मोलाची होती. सोमेश्वराच्या चाऱ्याच्या यादीपेक्षा हे ज्ञान अधिक बारकाईचे म्हणावे लागेल. ते अशिक्षित हातांत राहिले म्हणून त्याचा ग्रंथ झाला नाही, इतकेच.

हालचाल महत्त्वाची ठरल्यावर बेडकी खरी असण्याची गरज उरत नाही. 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिणाऱ्या हेन्री सलिव्हन थॉमसच्या काळात साहेब लोक महाशीरसाठी धातूचे चमचे पाण्यात फिरवत होते. फिनलंडच्या लाउरी रापाला याने 1936 मध्ये बुचाचा मासा कोरला, तो जखमी माशासारखा डुलत चाले. पुढे रबरी बेडूकही आला आणि मरळीला तो चालला.

1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचे मैलोन्‌मैल पात्र जलाशय बनले. प्रवाहातल्या माशांची जागा घटली. चिलापी (तिलापिया) मात्र अफाट वाढली, आणि तिची पिल्ले शिकारी माशांना आयते खाद्य ठरली. काठावरून टाकलेला गळ इथे पुरत नाही, होडी लागते. भीमाकाठी गूळ कढवायची काहीलही प्रसंगी होडीचे काम करते; तिच्या पत्र्यावर पाय आपटला तर मासेमारी त्या जागेपुरती संपलीच.

होडीतून मारा करताना खरी कसोटी शेवटच्या दोन-तीन हातांत लागते. मासा नकली भक्ष्यामागे येतो, पण होडीची सावली दिसली की वळतो. उत्तर अमेरिकेत मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी यावर एक तोड काढली गेली: आमिष होडीपाशी आले की उचलायचे नाही, काठीचे टोक पाण्यात घालून त्याला आठच्या आकड्यात फिरवायचे. वळणावर भक्ष्य निसटतेसे वाटते आणि मासा तोंड घालतो. दोरी इतकी आखूड राहिलेली असते की झटका थेट हाताला बसतो. दोरी गुंडाळणाऱ्या चक्राचा ताण आधीच सैल केला नसेल तर दोरी तुटते किंवा माशाचे तोंड फाटून गळ निघतो. मस्कीच्या स्वच्छ तळ्यांत मागे लागलेला मासा डोळ्यांना दिसतो. उजनीच्या हिरवट पाण्यात तो बहुधा दिसतच नाही, त्यामुळे इथे आठचा आकडा दर खेपेला, मागे कोणी असो वा नसो, काढावाच लागतो.