संगणकविद्येचे लोकवर्ग : एक अल्प इतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाच्या बांधकामाचा, सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा व शाळेच्या वाढीचा वृत्तांत यावा, हें रीतीला धरूनच आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या लोकांच्या नित्याच्या व्यवहारांत जो मोठा पालट झाला, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. बँकेचें खातें, जमिनीचा सातबारा, निवृत्तिवेतन, रेल्वेचें तिकीट, मुलांचा शाळाप्रवेश, हें सर्व आज संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावरून चालतें. हीं यंत्रें बाजारांतून घरीं आलीं; पण तीं चालविण्याची विद्या कांहीं त्यांच्या खोक्यांतून आली नाहीं. ती पुष्कळांस गल्लींतल्या एखाद्या लहानशा वर्गांत, चार शेजाऱ्यांच्या संगतींत मिळाली. ज्यास आपल्याकडे सर्वजण ‘कॉम्प्युटर क्लास’ म्हणतात, त्याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों. कारण त्यांतून निघणारा धडा अद्यापि जुना झालेला नाहीं.

प्रारंभीं संगणक ही सामान्य माणसाच्या वाट्याला न येणारी वस्तु होती. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं चालू झाला. तो शास्त्रज्ञांच्या कामाचा. रस्त्यानें जाणाऱ्याचा त्याच्याशीं संबंध नव्हता. त्याच्याही पूर्वीं इटलींत एक प्रयोग सुरू झाला होता, व तो आमच्या वाचकांस विशेष रुचेल. येशूसंघाचे फादर रोबेर्तो बूसा यांनीं संत थॉमस अक्विनस यांच्या लॅटिन ग्रंथांतील शब्दांची सूची यंत्राच्या साह्यानें करण्याचें मनांत आणिलें, आणि १९४९ सालीं आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेऊन त्यांचें साह्य मिळविलें. शब्द भरले सुमारे १ कोटि १० लक्ष. आणि त्यांतील प्रत्येक शब्द कार्डास भोकें पाडून यंत्रास कळवावयाचा! हें काम करणार कोण? फादर बूसा यांनीं १९५४ सालीं गाल्लाराते या गांवीं त्याकरितां एक शिक्षणवर्गच उघडला. त्यांत शिकणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. हा वर्ग १९६७ पर्यंत चालला, आणि पुढें ती सूची ५६ खंडांत छापून निघाली. ग्रंथावर नांव विद्वानाचें आलें. पण त्याचा पाया ज्यांनीं घातला, त्या वर्गांत शिकलेल्या साध्या घरच्या मुली होत्या.

तथापि हा वर्ग एका कामापुरता होता. ही विद्या सर्वांस यावी, हा विचार १९८० नंतर, लहान व स्वस्त संगणक निघाल्यावर, रुजला. न्यूयॉर्क शहरीं अंतोनिया स्टोन या गणिताच्या शिक्षिकेनें १९८३ सालीं हार्लेम या गरीब वस्तींत, एका इमारतीच्या तळघरांत संगणक मांडून, ती जागा शेजारपाजारच्या लोकांस खुली केली. १९८६ सालीं मेरी फर्लाँग यांनीं येशूसंघीय सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठांत वयस्कर मंडळींकरितां ‘सीनियरनेट’ हा उपक्रम आरंभिला. ब्राझील देशांत रोद्रिगो बाज्जो यांनीं १९९५ सालीं रिओ दि जानेरो येथील सांता मार्ता या झोपडवस्तींत संगणकाची शाळा काढली. स्थळें तीन, पण रीत एकच : यंत्र लोकांच्या वस्तींत न्यावें, शिकविणारा ओळखीचा असावा, व शिकणाऱ्यास चुकण्याची लाज वाटूं नये.

आपल्या देशांत संगणक आला तो भीति बरोबर घेऊनच. यंत्र आलें कीं माणसाची नोकरी जाणार, असें बँकांतील व विमाकचेऱ्यांतील नोकरवर्गास वाटे. आणि ही भीति अगदींच अनाठायीं होती असें नाहीं. बँका व कामगारसंघ यांच्यांत १९८३ सालीं करार झाला, तेव्हां बँकांत यंत्रांस मर्यादित वाट मिळाली. लगेच १९८४ मध्यें केंद्रसरकारनें शाळांसाठीं ‘क्लास’ नांवाची योजना चालू केली व तिच्याकरितां ब्रिटनमधील ‘बी. बी. सी. मायक्रो’ हे संगणक आणविले. पण शाळा सोडून गेलेल्या तरुणानें, दुकानदारानें, गृहिणीनें कोठें जावें? १९८१ सालीं एन. आय. आय. टी. आणि १९८६ सालीं ॲप्टेक या संस्था निघाल्या, शहरांत त्यांचे वर्ग भरूं लागले. परंतु तेथील शुल्क साधारण कुटुंबास जड जाई, व शिकवणें इंग्रजींत असे.

आमच्या मतें महाराष्ट्रांतील संगणकवर्गाचा खरा पूर्वज म्हणजे टायपिंगचा क्लास. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं पहिलें भारतीय टंकलेखनयंत्र तयार केलें, आणि पुढील काळांत तालुक्याच्या गांवीं टायपिंगचे क्लास ओळखीचे झाले. मॅट्रिक झालेला मुलगा आणि मुलगी तेथें एका रांगेंत बसून ‘मराठी तीस’, ‘इंग्रजी चाळीस’ अशा सरकारी परीक्षांची तयारी करीत. पुष्कळ मुलींस घराबाहेर पडून विद्या मिळविण्याची पहिली परवानगी याच क्लासासाठीं मिळाली. संगणक आला तेव्हां पुष्कळ ठिकाणीं त्याच खोलींत, त्याच बाकांवर, टंकलेखनयंत्रांच्या शेजारीं दोन संगणक येऊन बसले.

पुढें आपल्या राज्यांत दोन निरनिराळे प्रयोग झाले, व त्यांची तुलना बोधप्रद आहे. पहिला १९९८ चा. कोल्हापूर व सांगली भागांतील वारणानगरच्या परिसरांत सुमारे ७० गांवीं संगणक-केंद्रें उघडलीं. ऊस किती टन भरला, पैसे किती झाले, हें शेतकऱ्यास गांवांतच कळूं लागलें; फेरे वांचले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु यंत्रापुढें बसे तो चालक. शेतकरी त्याला विचारून चिठ्ठी घेऊन जाई. कांहीं वर्षांनीं तीच माहिती मोबाईलच्या लघुसंदेशांतून देण्याचा प्रयोग तेथें झाला, व तो संगणकापेक्षां सोयीचा ठरला. शेतकऱ्याची सोय झाली, पण संगणकाची विद्या मात्र चालकाच्या हातींच राहिली.

दुसरा प्रयोग २००१ सालचा. त्या वर्षीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, आणि ‘एम. एस.-सी. आय. टी.’ हा अभ्यासक्रम निघाला. महामंडळानें स्वतःच्या इमारती बांधल्या नाहींत; गांवोगांवच्या लहान चालकांस मान्यता देऊन हजारों केंद्रें उभीं केलीं. पुस्तक मराठींत मिळे. परीक्षा संगणकावरच होई. प्रमाणपत्र राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचें असे. सरकारी नोकरीस तें आवश्यक ठरल्यावर कारकून, शिक्षक, तलाठी, सर्वच वर्गांत आले. केस पांढरे झालेले गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थिनीस ‘मॅडम’ म्हणून शंका विचारीत, आणि ती माऊस धरलेल्या त्यांच्या हाताची थरथर न पाहिल्यासारखें करी. शिकणाऱ्यांची संख्या १ कोटीच्या पुढें गेली. एवढ्या मोठ्या संख्येनें प्रौढ लोक पुन्हां वर्गांत बसले, ही महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासांतील अपूर्व गोष्ट होय.

या वर्गांस आणखी एक अडचण होती, ती अक्षरांची. संगणकावर मराठी लिहितां येई, पण निरनिराळ्या कंपन्यांचे टंक निरनिराळे. एका यंत्रावर लिहिलेलें पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडलें कीं त्याचीं नुसतीं निरर्थक चिन्हें होत. येथें आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें तें रोमन लिपींत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. भाषा आपली, पण यंत्राला तिचीं अक्षरें ठाऊक नाहींत, हें दुःख चारशें वर्षांचें आहे! युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीस १९९१ सालीं स्थान मिळालें. तथापि तें घरगुती संगणकांपर्यंत पोंचून वर्गांत स्थिरावण्यास आणखी पंधराएक वर्षें गेलीं. तें झाल्यावरच आजी नातवास मराठींत चार ओळी लिहूं शकली.

आतां या चित्राची दुसरी बाजू. प्रमाणपत्र हेंच ध्येय झालें म्हणजे विद्या मागें राहते. नोकरीपुरती परीक्षा दिली, कागद फाईलींत लावला, आणि पुढें यंत्रास हातही लावला नाहीं, असेंही पुष्कळांचें झालें. शिवाय वर्गाची गरजच नाहीं, असेंही एक मत निघालें. सुगत मित्र यांनीं १९९९ सालीं दिल्लींतील कालकाजी येथें एका भिंतींत संगणक बसविला, व झोपडवस्तींतील मुलें कोणी न शिकवितां तो चालवूं लागलीं. तो प्रयोग जगप्रसिद्ध झाला. परंतु तो मुलांचा होता, हें विसरतां कामा नये. मूल दहा वेळां चुकलें तरी हांसून अकराव्यांदा बोट लावतें. साठीच्या माणसास एकदां चुकलें तरी आपण कांहीं मोडलें असें वाटतें. त्यास यंत्राहून अधिक गरज असते ती शेजारीं बसून ‘कांहीं बिघडलें नाहीं, पुन्हां करा’ असें म्हणणाऱ्या माणसाची.

ही गोष्ट योजना आंखणारांच्या ध्यानांत नेहमींच राहिली असें नाहीं. केंद्रसरकारनें २०१७ सालीं ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकीं एका माणसास वीस तासांत अंकीय व्यवहार शिकविण्याची मोठी योजना हातीं घेतली. मार्च २०२४ अखेर तींत ६ कोटींहून अधिक लोक शिकले. काम निःसंशय मोठें. पण वयाची अट होती १४ ते ६० वर्षें. निवृत्तिवेतन ज्यांस घ्यावयाचें, हयातीचा दाखला ज्यांस द्यावयाचा, तेच बहुतेक वर्गाबाहेर राहिले! हयातीचा अंकीय दाखला मात्र २०१४ पासून सुरू झालेला होता.

केरळांत याहून निराळी वाट चालली. तेथें २००२ सालीं ‘अक्षया’ योजनेखालीं मलप्पुरम जिल्ह्यांत घरटीं एका माणसास संगणक शिकविण्यास आरंभ झाला. वीस वर्षांनीं, २०२२ मध्यें, तिरुवनंतपुरम जिल्ह्यांतील पुल्लंपारा ही ग्रामपंचायत पूर्णपणें अंकीय साक्षर म्हणून जाहीर झाली. तेथें स्वयंसेवक घरोघरीं गेले. रोजगार हमीच्या कामावर बायका विसाव्याला बसत, तेथेंही त्यांनीं पाठ दिला. हीच पद्धति सर्व राज्यांत नेऊन सुमारे २२ लक्ष लोकांस शिकविल्यावर ऑगस्ट २०२५ मध्यें केरळ राज्य पूर्ण अंकीय साक्षर जाहीर झालें. शिकणारांत शंभरी ओलांडलेले एक गृहस्थही होते. वर्ग शिकणाऱ्याच्या दारीं गेला, म्हणून त्यास वयाचें कुंपण राहिलें नाहीं.

वाचकहो, आतां हें सर्व आपल्याशीं काय संबंध ठेवितें, तें पाहूं. २०१६ पासून यू. पी. आय. आलें व पैशाचा व्यवहार हातांतल्या मोबाईलवर होऊं लागला. कॉम्प्युटर क्लासाची गरज संपली असें पुष्कळांस वाटूं लागलें. वस्तुतः ती वाढली आहे. पूर्वीं ज्यास लिहितां येत नसे, तो अंगठा उठवी. पण अंगठा निदान त्याचा स्वतःचा असे. आज ज्यास यंत्र येत नाहीं, तो आपला गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगतो. विधवा बाई दुकानदारास कार्ड व आंकडा दोन्हीं देते. वृद्ध गृहस्थ फोनवरील अनोळखी माणसास ओटीपी वाचून दाखवितात, आणि आयुष्यभराची पुंजी घटकेंत जाते. पुढें होते ती लाज, आणि घरच्यांपासून लपवालपव. पैसा गेल्याचें दुःख कालांतरानें उणें होतें. आपण दुसऱ्याच्या हातचें बाहुलें झालों, हें दुःख उणें होत नाहीं.

वारणेच्या केंद्रापासून पुल्लंपाऱ्यापर्यंतचा इतिहास आपणांस हेंच शिकवितो कीं, दुसऱ्याचें काम करून देणें ही मदत खरी, पण तें त्यास करावयास शिकविणें ही त्याहून मोठी मदत. पहिलींत त्याचा वेळ वांचतो. दुसरींत त्याची मान ताठ राहते. यासाठीं मोठ्या इमारतीची वा सरकारी योजनेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. धर्मग्रामाचें सभागृह आहे, रविवार आहे, घरोघरीं मोबाईल आहे, आणि तो लीलया चालविणारीं मुलें-मुलीही आहेत. मिस्सा संपल्यावर एक तास, एका तरुणानें एका आजोबांजवळ किंवा आजीजवळ बसावें. नियम एवढाच असावा कीं, पडद्यावर बोट आजीचें पडावें. शिकविणाऱ्यानें आपला हात मागें ठेवावा. आजीस वेळ लागेल, ती चुकेल, तेंच पुन्हां विचारील; लागूं द्यावा वेळ. आणि पहिल्याच पाठांत, दुसरें कांहीं शिकविण्याआधीं, हें एक शिकवावें कीं, गुप्त आंकडा कोणासही सांगावयाचा नाहीं. समोर बसलेल्या शिकविणाऱ्यासही नाहीं.