कृत्रिम मूत्र स्फिंक्टर

कृत्रिम मूत्र स्फिंक्टर हे पुरुषांमधील अनैच्छिक मूत्रगळतीवर शस्त्रक्रियेने बसवले जाणारे उपकरण आहे. अशी गळती अनेकदा प्रोस्टेट ग्रंथी काढल्यानंतर उद्भवते. अमेरिकी शल्यविशारद एफ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७२ मध्ये ते प्रथम वापरले. एएमएस ८०० हे त्याचेच सुधारित रूप होय.

मूत्रमार्गाभोवतीचे द्रवाने भरलेले कडे मार्ग बंद ठेवते. वृषणकोशातील पंप दाबल्यावर द्रव पोटातील फुग्यात जातो व लघवी होते. काही मिनिटांत कडे आपोआप भरते. त्यामुळे बोटांत पुरेशी ताकद नसलेल्या रुग्णास हे उपकरण सोयीचे नसते. सौम्य गळतीत मूत्रमार्गास आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात. तिला पंप नसतो.

उपकरण निष्क्रिय न करता कॅथेटर घातल्यास मूत्रमार्गास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून कोणत्याही रुग्णालयात दाखल होताना त्याची माहिती देणे आवश्यक असते.