मुलांना गृहपाठाचा ताण: कारणे, घरगुती उपाय आणि डॉक्टरांना केव्हा दाखवावे

संध्याकाळी वही उघडली की मूल रडायला लागते, सारखे पाणी मागते, पोट दुखते म्हणते आणि पाच ओळी लिहायला तास लावते. ब्रह्मपुरी आणि आसपासच्या गावांतील अनेक पालक ही तक्रार घेऊन येतात. त्यांचा प्रश्न असतो, "डॉक्टर, हा आळस आहे की काही आजार?"

पहिली ते पाचवीतल्या मुलाला ‘मला जमत नाही’ किंवा ‘मला भीती वाटते’ हे शब्दांत सांगता येत नाही. ते रडून किंवा टाळाटाळ करून सांगते. म्हणून रागावण्याआधी मूल नेमके कुठे अडते आहे, ते शोधावे.

ताणाची लक्षणे

- गृहपाठाच्या वेळी किंवा शाळेच्या दिवशी सकाळी पोट वा डोके दुखणे. सुट्टीच्या दिवशी मात्र त्रास नसणे
- चिडचिड, वही फेकणे, खोडून खोडून लिहिणे
- झोप न लागणे, झोपेत दचकणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे
- "मला काहीच येत नाही" असे वारंवार म्हणणे

ताणामुळे दुखणारे पोट खरोखरच दुखते. मूल नाटक करत आहे असे समजू नये.

गृहपाठ किती असावा?

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास आणि सहावी ते आठवीला रोज सुमारे १ तास, अशी मर्यादा त्यात सांगितली आहे. तुमचे दुसरीतले मूल रोज दोन तास लिहीत बसत असेल, तर दोष मुलाचा नाही. शाळा आणि शिकवणी या दोन्हींचा मिळून किती अभ्यास होतो, हे एकदा मोजून पाहा.

नेहमी आढळणारी कारणे

*अपुरी झोप.* ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्यावर किंवा रात्रभर झाडीपट्टीचे नाटक पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी अभ्यास होणार नाही. त्या दिवशी मुलाला झोपू द्यावे.

*भाषेची अडचण.* घरी झाडीबोली किंवा गोंडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, शिवाय सेमी इंग्रजीत गणित इंग्रजीतून. मूल वहीत ‘मला’ऐवजी ‘मले’ लिहिते ते घरच्या बोलीमुळे, बुद्धी कमी आहे म्हणून नव्हे. गणित अडले तर आधी ते घरच्या भाषेत सांगून पाहा. तोंडी उत्तर बरोबर आले, तर अडचण भाषेची आहे.

*शारीरिक कारणे.* फळ्यावरचे न दिसणे, कान वाहिल्याने कमी ऐकू येणे, रक्त कमी असणे. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. मूल लवकर थकत असेल, हातपाय दुखतात म्हणत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी.

*मनातील भीती.* आई पहाटे मोहफुले वेचायला जंगलात गेली आहे किंवा वडील अंधार पडला तरी शेतातून आले नाहीत, अशा वेळी मुलाचे लक्ष वहीत राहत नाही. गावात वाघाच्या हल्ल्याची घटना घडली असेल, तर काही आठवडे अभ्यासाची अपेक्षा कमी ठेवावी. मुलाला बोलू द्यावे आणि त्याच्यासमोर त्या घटनेची वर्णने पुन्हा पुन्हा करू नयेत.

*अध्ययन अक्षमता किंवा लक्ष न लागण्याचा विकार.* मूल बोलण्यात हुशार आहे, पण तिसरीत गेले तरी सोपे शब्द वाचता येत नाहीत, अक्षरे गाळते, बेरीज-वजाबाकीची चिन्हे गोंधळते, तर तपासणी आवश्यक आहे.

घरी काय करावे?

१. शाळेतून आल्यावर आधी खाणे, मग खेळ, त्यानंतर अभ्यास. दिवस मावळायच्या आत झाला तर उत्तम.
२. जागा आणि वेळ ठरलेली ठेवा. टीव्ही आणि मोबाइल बंद.
३. एका वेळी १० ते १५ मिनिटे, मग थोडी विश्रांती. सुरुवात सोप्या प्रश्नाने करा.
४. "एवढंही येत नाही का?" असे विचारण्यापेक्षा "कुठं अडतंय, दाखव बरं" असे विचारा.
५. ठरलेली वेळ संपली की वही बंद करा. राहिलेले तुम्ही लिहून देऊ नका. ‘२० मिनिटे बसला, एवढे झाले’ अशी चिठ्ठी शिक्षकांना द्या किंवा भेटून सांगा.
६. रोवणी-कापणीच्या दिवसांत तुम्ही थकून येता. तेव्हा आजी, आजोबा किंवा मोठे भावंड नुसते जवळ बसले तरी चालते. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नसेल, तरी "आज काय शिकलास ते मला सांग" एवढे म्हणणेही मुलाला आधार देते.

मारणे, कोंडणे, भावंडांशी तुलना करणे आणि जेवण किंवा खेळ बंद करणे टाळा. भीतीने मुलाचे लक्ष आणखी उडते आणि येत असलेलेही आठवत नाही.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- घरी बदल करूनही महिनाभरात फरक न पडल्यास
- पोटदुखीबरोबर ताप, उलट्या, वजन घटणे, शौचातून रक्त किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असल्यास
- सकाळी उठल्यावर डोके दुखून उलट्या होत असल्यास
- मूल मध्येच काही सेकंद एकटक पाहत राहत असल्यास व त्या वेळी हाक ऐकत नसल्यास (हे फिटचे लक्षण असू शकते)
- मूल शाळेत जायलाच तयार नसल्यास. तिथे मारहाण किंवा छळ होतो का, हे शांतपणे विचारा

मूल "मला जगायचे नाही" असे बोलले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर थांबू नका. त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि तुमची शंका शिक्षकांमार्फत पथकाला कळवा. गरज असल्यास पथक पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर पाठवते. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मूल संकटात असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो.

डॉक्टरांकडे येताना मुलाच्या दोन-तीन वह्या सोबत आणा. मूल कुठे अडते, हे त्या पानांवरून लवकर कळते.